उरलेल्या गोळ्या : सेफॅलोस्पोरिन औषधांच्या उचित वापराविषयी

(महोत्सवानिमित्त सुरत येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



महोत्सवाच्या कार्यक्रमात औषधांवर भाषण ठेवणे म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत कारले वाढण्यासारखे आहे, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु पानाची डावी बाजू रिकामी ठेवू नये, असे आपल्या घरची वडीलधारी मंडळी सांगत आली. तेव्हा हे थोडेसे कडू तेवढ्यापुरते पानात घ्यावे, ही विनंती.

आजचा विषय आम्ही आपल्या मनाने निवडलेला नाही. आपल्या न्यासाच्या काही सभासदांनी कार्यकारी मंडळाकडे एक सूचना दिली आहे. घरोघरी पडून राहिलेली औषधे गोळा करण्यासाठी न्यासाच्या कार्यालयात एक पेटी ठेवावी आणि ती औषधे गरजू कुटुंबांना विनामूल्य वाटावीत, अशी ती सूचना. मंडळाने तिच्यावर आमचे मत मागितले. आम्ही डॉक्टर नव्हे. दवाखान्यात औषधाच्या खिडकीमागे उभे राहून चिठ्ठी वाचणारी आणि गोळ्या मोजून देणारी माणसे आहोत. परंतु कोणत्या घरात कोणते औषध उरते, हे खिडकीमागून बरेच दिसते. खोकल्याच्या बाटल्या उरतात, पित्ताच्या गोळ्या उरतात. आणि ज्या औषधाचा एक दाणाही बहुधा उरावयास नको, ते प्रतिजैविक तर हटकून उरते. त्यातही सेफिक्झीम, सेफपोडॉक्झीम, सेफ्युरॉक्झीम अशी ‘सेफ’ने सुरू होणारी नावे फार. म्हणून आज या एकाच कुळाविषयी बोलावयाचे आहे. हा ‘सेफ’ इंग्रजीतला सुरक्षित या अर्थाचा नव्हे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. तसा समज करून घेतलेले गृहस्थ आम्हांस भेटलेले आहेत.

सुरतेच्या माणसाला प्रतिजैविकांची गोष्ट नव्याने सांगावयास नको. १९९४ सालचा सप्टेंबर ज्यांनी येथे काढला, त्यांना तो आठवतच असेल. बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगची बातमी झाली होती. इकडे गणपती विसर्जन होऊन दोन-चार दिवस झाले नाहीत तोच वेड रोडच्या बाजूने फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता आली. लाखो माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेली. भुसावळच्या बाजूस जाणाऱ्या गाड्यांतून आपली खानदेशी मंडळीही गेली. शहरात सुमारे पन्नास माणसे दगावली. त्या दिवसांत औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल पाहता पाहता नाहीशा झाल्या. ज्याला ताप नाही, खोकला नाही, अशा माणसाने त्या खिशात भरल्या, आल्यागेल्याला वाटल्या, वाटेल त्या हिशेबाने गिळल्या. आणि ज्याला खरी गरज होती त्याच्या नातलगाला दुकानामागून दुकाने पालथी घालावी लागली.

त्या प्रसंगातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाही. प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन ही जुनी आणि त्या मानाने स्वस्त औषधे उपयोगी पडतात. आज आपण ज्यांना ‘भारी’ म्हणतो त्या सेफॅलोस्पोरिन औषधांवर प्लेगच्या उपचारात भिस्त ठेवीत नाहीत. म्हणजे औषधाची किंमत आणि औषधाचा उपयोग यांचा परस्परांशी संबंध असेलच असे नाही. कुलपाला त्याचीच किल्ली लागते. ती चांदीची करून घेतली तरी दुसऱ्या कुलपाला लागत नाही.

आता हे कूळ आले कोठून? इटलीच्या सार्डिनिया बेटावर काल्यारी नावाचे बंदराचे शहर आहे. तेथे जुझेप्पे ब्रोत्झू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. पुढे ते त्या शहराचे महापौरही झाले. त्या शहरात विषमज्वर, म्हणजे आपला मुदतीचा ताप, पाचवीला पुजलेला. शहराचे सांडपाणी जेथे समुद्राला मिळते, तेथील पाणी काही काळाने आपोआप निवळते, त्यातले जंतू कमी होतात, असे त्यांच्या ध्यानात आले. १९४५ साली त्यांनी त्या गटाराच्या मुखाजवळच्या पाण्यातून एक बुरशी वेगळी केली. तिच्यातून पाझरणारा पदार्थ विषमज्वराच्या जंतूंनाही मारक ठरतो, असे त्यांना दिसले. १९४८ साली त्यांनी आपले काम छापून प्रसिद्ध केले. पण ते फारसे कोणाच्या नजरेस पडले नाही. पुढे ती बुरशी ऑक्सफर्डला पोहोचली. पेनिसिलिन औषधरूपास आणणारी फ्लोरी यांची मंडळी तेथेच होती. एडवर्ड एब्रहॅम आणि गाय न्यूटन यांनी १९५३ च्या सुमारास त्या रसातून ‘सेफॅलोस्पोरिन सी’ हे द्रव्य वेगळे काढले, आणि त्यावर रासायनिक संस्कार करून घडविलेले पहिले औषध १९६४ साली बाजारात आले. आपल्याकडे पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली स्थापन झाला तो पेनिसिलिनसाठी. हे दुसरे कूळ त्यानंतर दहा वर्षांनी रोग्यांपर्यंत आले.

या गोष्टीत आपल्यासारख्या न्यासाच्या मंडळींनी लक्षात घ्यावे असे एक पान आहे. या शोधाच्या हक्कांतून एब्रहॅम यांना पुष्कळ धन मिळाले. त्यातले बहुतांश त्यांनी विश्वस्त निधी स्थापून विद्येच्या आणि वैद्यकीय संशोधनाच्या कामी लावले. गटाराच्या पाण्यातल्या बुरशीतून ऑक्सफर्डमध्ये धर्मादाय निधी उभे राहिले! असो.

हे औषध जंतूला मारते कसे, तेही थोडक्यात सांगतो. जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. माणसाच्या पेशीला तशी भिंत नसते. जंतू वाढताना ही भिंत बांधीत असतो. सेफॅलोस्पोरिन त्या बांधकामात अडथळा आणते. भिंत कच्ची राहते आणि जंतू फुटतो. पेनिसिलिनही हेच करते. दोघांचे कूळ जवळचे आहे. ज्या जीवाला अशी भिंतच नाही, त्याच्यावर या औषधाचा काडीचा परिणाम होत नाही. सर्दी, पडसे, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे विकार, मलेरिया परोपजीवीचा. यांत सेफिक्झीम घेणे म्हणजे चोर खिडकीने आला असताना दरवाजाला दुसरे कुलूप लावणे. क्षयाच्या जंतूवरही ही औषधे कामाची नाहीत. उलट महिनाभर खोकणाऱ्या माणसाने अशा गोळ्या घेत बसल्यास तपासणीस उशीर होतो आणि घरातली चार माणसे आणखी धोक्यात येतात.

या औषधांच्या ‘पिढ्या’ असतात, आणि या शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. तिसरी पिढी पहिलीपेक्षा सरस, पाचवी त्याहून सरस, असे लोकांस वाटते. तसे नाही. पहिल्या पिढीतील सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल ही औषधे कातडीवरचे गळू, पिकलेली जखम यांना आजही चांगली. शस्त्रक्रियेपूर्वी देतात ते सेफॅझोलिन याच पिढीचे. तिसऱ्या पिढीतील सेफिक्झीम, सेफोटॅक्झीम, सेफ्ट्रिअॅक्सोन ही आतड्याच्या, मूत्रमार्गाच्या, मेंदूच्या आवरणाच्या काही गंभीर विकारांत मोलाची. पण त्याच गळवावर त्यांतली काही पहिल्या पिढीपेक्षा कमी पडतात. आजोबांना जे काम येते ते नातवाला येईलच असे नाही, हे घरात आपण पाहतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली प्रतिजैविकांची तीन गटांत वाटणी केली : नेहमी वापरावयाची, जपून वापरावयाची आणि अगदी शेवटी राखून ठेवावयाची. सेफॅलेक्सिन पहिल्या गटात आहे. सेफिक्झीम आणि सेफ्ट्रिअॅक्सोन दुसऱ्या गटात, म्हणजे जपून वापरावयाच्या. आपल्या घरांतून जे सर्वांत जास्त उरलेले सापडते ते या दुसऱ्या गटातले आहे, ही चिंतेची बाब होय.

आपल्या भागात या औषधांची खरी गरज पडते ती कोठे? एक तर लेप्टो. पावसाळ्यात सुरत, तापी, नवसारी, वलसाड या बाजूस भाताच्या व उसाच्या शेतात पाण्यात उभे राहून काम करणाऱ्यांना तो होतो. उंदराच्या मूत्रातून त्याचे जंतू पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून अंगात शिरतात. २००६ सालच्या ऑगस्टात तापी शहरात शिरली, त्यानंतरही हा रोग वाढला होता. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन देतात; रोगी गंभीर झाला, कावीळ दिसू लागली, लघवी कमी झाली, की रुग्णालयात पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन शिरेतून द्यावे लागते. तेथे ते औषध जीव वाचविते. पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे आणि डोळे लाल, असे दिसल्यास घरातल्या डब्यात हात न घालता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि आपण पाण्यात काम केले होते हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे.

दुसरा, मुदतीचा ताप. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयाच्या. पहिली अशी की, रक्तातला जंतू वाढवून पाहण्याची तपासणी औषधाचा पहिला डोस घेण्यापूर्वी व्हावी. आधीच दोन गोळ्या पोटात गेल्या असतील तर जंतू सापडत नाही, आणि मग पुढचा उपचार अंदाजाने करावा लागतो. दुसरी गोष्ट धीराची. योग्य औषध चालू असूनही हा ताप उतरावयास पाच-सहा दिवस लागू शकतात. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून घाबरून दुसरा डॉक्टर, चौथ्या दिवशी तिसरा, आणि प्रत्येकाची वेगळी गोळी, हा प्रकार आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. मग अर्ध्या अर्ध्या पट्ट्या घरात साठतात, त्यात नवल ते काय!

आता सुरक्षिततेकडे वळू. येथे जरा सावकाश जावे लागेल.

सर्वांत मोठे भय वावड्याचे, म्हणजे ॲलर्जीचे. गोळी घेतल्यावर किंवा सुई टोचल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वास अडकला, घेरी आली, तर तो जिवाशी खेळ आहे. त्यावर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन लगेच द्यावे लागते. म्हणून सेफ्ट्रिअॅक्सोनची सुई घरी बोलावलेल्या माणसाकडून टोचून घेऊ नये. जेथे ॲड्रेनलिन तयार आहे आणि ते देणारा माणूस हजर आहे, तेथेच घ्यावी आणि नंतर अर्धा तास तेथेच बसावे. आपल्याकडे हातावर थोडेसे टोचून ‘टेस्ट’ घेण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. ती ठीक निघाली तरी पुढे काही होणारच नाही अशी हमी तिच्यातून मिळत नाही.

पेनिसिलिन सोसत नाही त्याने सेफॅलोस्पोरिन घ्यावे काय, हा प्रश्न आम्हांस नेहमी विचारतात. पूर्वी पुस्तकांत शंभरात दहा जणांना दोन्हींचा त्रास होतो असे लिहीत. त्या काळच्या औषधांत पेनिसिलिनचा अंश मिसळलेला राहत असे, हे त्याचे एक कारण होते. आता ते प्रमाण शंभरात दोनाच्या आसपास किंवा त्याहून कमी मानतात. मात्र ज्याला अॅमॉक्सिसिलिन किंवा अॅम्पिसिलिनने तसा गंभीर त्रास झाला असेल, त्याने सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल, सेफॅक्लोर यांपासून दूर राहावे. त्यांच्या रेणूची एक बाजू सारखीच आहे. निर्णय डॉक्टरांचा, परंतु माहिती आपण द्यावयाची. कोणते औषध, केव्हा घेतले, नेमके काय झाले, हे एका कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवावे. ‘लहानपणी कसलेसे इंजेक्शन सोसले नव्हते’ एवढ्यावरून कोणालाच काही ठरविता येत नाही. आणि नुसते जुलाब झाले किंवा मळमळले, तर ते वावडे नव्हे. तसे लिहून घेऊन उपयोगी औषध जन्मभर उगाच बंद करू नये.

जुलाबांविषयी मात्र एक सावधगिरी. ही औषधे आतड्यातल्या उपकारक जंतूंनाही मारतात, म्हणून पोट थोडे बिघडते. पण पाण्यासारखे जुलाब दिवसातून अनेकदा होऊ लागले, पोटात कळा येऊन ताप आला किंवा रक्त पडले, तर औषध संपून काही आठवडे झाले असले तरी डॉक्टरांना कळवावे. एका वेगळ्या जंतूने संधी साधलेली असू शकते.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना बहुतेक सेफॅलोस्पोरिनांची मात्रा कमी करून द्यावी लागते. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी चालू असल्यास तेही सांगावे. महिन्याच्या आतल्या बाळाला सेफ्ट्रिअॅक्सोन देताना फार जपावे लागते. कावीळ असलेल्या नवजाताला ते देत नाहीत, आणि कॅल्शियम असलेल्या सलाईनबरोबर तर मुळीच नाही. सेफोपेराझोनसारख्या काही औषधांवर मद्य घेतल्यास छाती धडधडते, चेहरा लाल होतो, उलट्या होतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने हे सांगण्याचे कारण नाही, असे अध्यक्ष महाराज म्हणतील! परंतु आसवे-अरिष्टे यांतही मद्यार्क असतो, आणि ती आपल्या घरांत राजरोस असतात.

लहान मुलांची पूड भरलेली बाटली हे आमचे नित्याचे दुखणे आहे. तिच्यात उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालावयाचे असते. थोडे घालून हलवावे, फेस बसू द्यावा, मग उरलेले घालून खूण गाठावी. पाणी जास्त झाले तर औषध पातळ होते, कमी झाले तर मात्रा वाढते. प्रत्येक वेळी बाटली हलवावी, मापाने द्यावे; स्वयंपाकघरातला चमचा मापाचा नसतो. एकदा पाणी घातले की लेबलावर लिहिलेल्या सात, दहा किंवा चौदा दिवसांनंतर ते औषध औषध राहत नाही. मोठ्या भावाची बाटली फ्रिजमध्ये जपून ठेवून दोन महिन्यांनी धाकटीला पाजणारी माउली मायेपोटीच तसे करते. पण ते करू नये. सेफ्युरॉक्झीम आणि सेफपोडॉक्झीम जेवणानंतर घेतल्यास अंगी चांगले लागते, आणि या दोहोंबरोबर पित्तशामक औषध घेतल्यास कमी लागते. उन्हाळ्यात गोळ्या ‘गरम पडतात’ म्हणून एक वेळची गाळणारे पुष्कळ असतात. तसे वाटल्यास डॉक्टरांना विचारावे, आपल्या मनाने वेळ गाळू नये.

किती दिवस घ्यावे? ‘जितके जास्त तितके चांगले’ हा समज आता वैद्यकातही उरलेला नाही. पुष्कळ आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा उपचार पुरतो असे दिसून आले आहे. म्हणून चिठ्ठीवर पाच दिवस असतील तर पाच. बरे वाटले म्हणून तीन नव्हेत आणि हौस म्हणून दहाही नव्हेत.

जंतूही शिकतात. काही जंतू या औषधाचा मुख्य कणाच तोडणारे एक द्रव्य तयार करतात आणि ती विद्या शेजारच्या जंतूला देतात. २०१६ साली पाकिस्तानात सिंध प्रांतातील हैदराबादेत सेफ्ट्रिअॅक्सोनलाही न जुमानणारा विषमज्वर पसरला. २०२३ साली तसे जंतू आपल्या बडोद्यातही सापडले. बडोदे येथून गाडीने दोन तासांवर आहे. सरकारने १ मार्च २०१४ पासून तिसऱ्या पिढीची ही औषधे ‘परिशिष्ट एच-१’ मध्ये घातली : चिठ्ठीशिवाय विक्री नाही, आणि डॉक्टरांचे व रोग्याचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे ठेवावयाची. पट्टीवरची उभी लाल रेघ याच कामासाठी आहे. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर त्याच्यावर रागावू नये. तो त्याचे काम करीत आहे.

एवढे सांगून आता पेटीकडे येतो. सूचना देणाऱ्या सभासदांचा हेतू निर्मळ आहे. परंतु पेटीत येणारी प्रतिजैविके म्हणजे कोणाच्या तरी अर्ध्यावर सोडलेल्या उपचारातले तीन-चार दाणे. कापलेल्या पट्टीवर बहुधा मुदतीची तारीख नसते, घाणा क्रमांक नसतो, उन्हात राहिली की कपाटात तेही कळत नाही. आणि त्या चार गोळ्या लिंबायतच्या किंवा उधन्याच्या एखाद्या लूम कामगाराच्या हाती पडल्या, तर त्याचाही उपचार चार गोळ्यांचाच होणार. दान म्हणून आपण त्याला अर्धवट उपचार देऊ. श्रीमंताघरच्या रोग्याला जे आपण देणार नाही, ते गरिबाला देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी आम्ही मंडळापुढे असे ठेवतो. पेटी ठेवावयाचीच असेल तर तिच्यावर ‘प्रतिजैविके, पातळ औषधे, सुया घेतल्या जाणार नाहीत’ असे मराठीत आणि गुजरातीत लिहावे. रक्तदाब-मधुमेहाच्या न फोडलेल्या पट्ट्या डॉक्टर व औषधतज्ज्ञ यांनी तपासल्यावाचून पुढे जाऊ नयेत. आणि महोत्सवी निधीतून काही रक्कम वेगळी काढून, चिठ्ठी असलेल्या गरजू रोग्याला पूर्ण दिवसांचे प्रतिजैविक घेऊन देण्याची सोय करावी. पैसे कमी पडतात म्हणून दोन दिवसांच्या गोळ्या मागणारी माणसे आमच्या खिडकीशी रोज येतात. जनऔषधी केंद्रातून घेतल्यास थोड्या रकमेत पुष्कळांचे काम होईल.

घरात आज पडून असलेल्या गोळ्यांचे काय, असे आताच एका ताईंनी विचारले. त्या मोरीत, संडासात किंवा तापीत टाकू नयेत. सांडपाण्यात जंतू आणि औषध एकत्र आले की जंतूंची शाळा भरते. सुरतेने १९९४ नंतर, विशेषतः १९९५ साली एस. आर. राव आयुक्त म्हणून आल्यावर, गटारे आणि कचरा यांच्यावर जी मेहनत घेतली, तिच्यावर आपणच पाणी फिरवू नये. तूर्त गोळ्या पट्टीसह एका पिशवीत घालून पुढील रविवारी न्यासाच्या कार्यालयात आणाव्यात. आम्ही सकाळी दहा ते बारा तेथे बसू; काय आले त्याची नोंद करू आणि सर्व गोळ्या रुग्णालयाच्या कचऱ्याबरोबर जाळण्यास देण्याची व्यवस्था करू. येताना जुन्या चिठ्ठ्याही आणाव्यात, म्हणजे ज्यांना वावड्याचा कागद करून हवा असेल त्यांना तेथेच लिहून देता येईल.